मागच्या खोलीतला फोन

१

बुधवारी सकाळी वहीताईंनी तळ्याकाठच्या रिसॉर्टला फोन लावला, तो फक्त दोन पाळणे वाढवून घ्यायला. पॅकिंग खात्यातल्या एकाला जुळं झालं होतं आणि त्याची बायको म्हणत होती, बैठकीला सगळे येणार तर आम्हीही येणार.

पलीकडची बुकिंग सांभाळणारी मुलगी गोंधळली. मग चाचरत म्हणाली, "मॅडम, पण तुमचं बुकिंग तर काल रद्द झालं ना?"

वहीताईंचं पेन कागदावर टेकलं ते टेकलंच. "कोणी केलं?"

"तुमच्याच कंपनीतून फोन आला. बुकिंगचा नंबर सांगितला, तारखा सांगितल्या. मी लिहून ठेवलंय." पानं उलटल्याचा आवाज आला. "दुपारी अडीच. हॉल, बावन्न खोल्या, अस्वलफेरी, सगळं रद्द."

"अस्वलफेरी? ती काय असते?"

"मलाही नाही कळलं. मला इथे चारच वर्षं झालीत. ते गृहस्थ म्हणाले तसं उतरवून घेतलं. आवाज जरा दबलेला होता, तोंडावर रुमाल धरल्यासारखा, पण बोलणं अगदी अदबीचं."

बैठक अकरा दिवसांवर आली होती.

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्या अठरा वर्षं कार्यालय सांभाळत होत्या. काखेत सदैव एक जाड वही असायची, म्हणून मोठ्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या वहीताई. दरवर्षीची बैठक गोदामात व्हायची. खोकी सरकवून खुर्च्या मांडायच्या, साहेबांनी भाषण करायचं आणि मागच्या दोन रांगांनी डुलक्या काढायच्या. यंदा मात्र वहीताईंनी हट्टच धरला होता. "साहेब, लोकांना घरच्यांसकट न्या. वर्षभर आपण ज्यांची माणसं दिवसदिवस इथे अडकवून ठेवतो, त्यांना एकदा कळू तरी द्या इथे काय चालतं ते."

जागाही त्यांनीच शोधली. डोंगरातलं तळं, मुलांची छोटी रेल्वे, सपाट तळाच्या होड्या, मत्स्यालय. कोणाला जिने चढवत नाहीत, कोणाचं मूल पाण्याला घाबरतं, कोणाची सून गरोदर आहे, सगळं त्या वहीत होतं. आणि आता त्या सगळ्यावर कोणीतरी एका फोनने बोळा फिरवला होता.

फोनवर रिसॉर्टचे व्यवस्थापक आले. "बाई, ह्याच तारखांना डॉक्टरांची परिषद हॉल मागतेय. शुक्रवारी चारला मी त्यांना होकार देणार. तोपर्यंत तुमचं तुम्ही ठरवा. एक फोन म्हणतो रद्द करा, दुसरा म्हणतो चालू ठेवा. उद्या तिसरा आला तर मी कोणाचं ऐकायचं? तो फोन कोणी केला ते मला सांगा, तरच बुकिंग परत."

२

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दुखरा गुडघा दाबत.

"बुकिंगचा नंबर कोणाकडे होता?"

"हिरव्या फाइलीच्या पहिल्या पानावर होता, साहेब. माणसांच्या याद्या तपासायला फाइल सोमवारी तिघांच्याच टेबलावर गेली. फोरमनकाका, विक्रीप्रमुख आणि..." त्या थबकल्या.

"आणि आमचे जावईबापू. बोला की, चोरून काय बोलायचं." साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा, वहीताई. बाहेर फिरायला न्यायचा हट्ट तुमचा होता. शुक्रवारी चारपर्यंत सुटलं तर उत्तम. नाहीतर बैठक गोदामात, घरचे घरी. आणि पुढच्या वर्षापासून हे काम दुसऱ्या कोणाकडे."

वहीताई केबिनबाहेर आल्या. जिना उतरेपर्यंत त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि वर तीन ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळीपुढे बरीच जागा सोडली.

३

फोरमनकाका तपासणीच्या टेबलाशी होते. काट्यावर पितळी वजन ठेवायचं, आकडा बघायचा, वजन उचलायचं. पस्तीस वर्षं हेच. अठराव्या वर्षी कारखान्यात शिरलेला माणूस, मध्ये एकही नोकरी नाही, एकही मोठी रजा नाही.

"काका, बैठकीला पहिला विरोध तुमचा होता."

"होता की." त्यांनी मान वर न करता सांगितलं. "दोन दिवस यंत्रं बंद म्हणजे मला ताप येतो. पण मी काय बोललो ते सगळ्यांसमोर, साहेबांच्या तोंडावर बोललो. फोनमागे लपायला मी काय शाळकरी पोर आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आता माझ्यात हिंमत तरी आहे का? हिने सहलीसाठी बूट घेतलेत. आठवडाभर घरात घालून फिरतेय, चावू नयेत म्हणून. हे रद्द झालं असं मी घरी जाऊन सांगू? तुम्हीच या सांगायला."

वहीताईंना हसू आवरेना. पण हसण्यावरून कोणाला निर्दोष ठरवता येत नाही, म्हणून त्यांनी फक्त लिहून घेतलं.

विक्रीप्रमुख दोन फोन आणि एक आरसा यांच्यामध्ये बसले होते. शहरातलं उंच हॉटेल हवं म्हणून त्यांनी महिनाभर साहेबांचं डोकं खाल्लं होतं.

"संशय माझ्यावर येणार हे मला कळलंच होतं," ते खुर्चीत मागे रेलले. "पण ताई, जागा वाईट आहे असं मी कधी म्हटलं? गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः गेलो होतो तिथे, पोरांना घेऊन."

"हे तुम्ही आधी नाही सांगितलंत."

"सांगितलं असतं तर उंच हॉटेलाचा मुद्दा गेलाच ना! तळ्यापासून खोल्यांपर्यंत लांब उतार केलाय, धाकटीची बाबागाडी एका हाताने ढकलत नेली मी. जागा मस्तच आहे. मला फक्त ग्राहकांसमोर मिरवायला हॉटेल हवं होतं."

"तिथे अस्वलफेरी नावाचं काही बघितलंत?"

"अस्वल?" ते खो खो हसले. "बदकं आहेत हो तिथे. तीही इतकी लठ्ठ की चालवत नाही त्यांना."

४

जावईबापू मोठ्या साहेबांच्या मुलीचे यजमान. नव्या काट्यांची आखणी त्यांच्याकडे होती. माणूस मृदू, कपडे नीटस. लग्न ठरायच्या आधी दोन वर्षं परदेशात मोठ्या हॉटेलात होते असं सगळा कारखाना जाणून होता, कारण त्यांच्या सासूबाई ते येईल त्याला सांगत. आणि घरच्यांसकट बैठक घ्यावी या कल्पनेला पहिला पाठिंबा त्यांनीच दिला होता.

वहीताई आत शिरताच ते उठून उभे राहिले. "बसा, ताई. ऐकलं मी सगळं. फार वाईट झालं. चहा मागवू?"

"नको. एकच विचारते. सोमवारी फाइल तुमच्याकडे किती वेळ होती?"

"तासभर. आमच्या खात्याची नावं पाहिली, सही केली, पाठवून दिली." बोलता बोलता ते पट्टीने टेबलाची कड मोजत होते. "मी कशाला रद्द करीन सांगा? तुमच्या बाजूने पहिला मी बोललो."

"म्हणूनच तर विचारायला संकोच वाटतोय."

"नाही, मोकळेपणाने विचारा. तसं खरं सांगायचं तर एका अर्थी झालं ते बरंच झालं, असंही मनात आलं. सासरेबुवांचा गुडघा हा असा. तळ्यावरून खोल्यांकडे जायचं तर त्या दगडी पायऱ्या, त्याही उंच उंच. त्यांना कसं झेपलं असतं?"

"तुम्ही गेला आहात का तिथे कधी?"

"छे! कधीच नाही," ते चटकन म्हणाले. "माहितीपत्रकात वगैरे पाहिलं असेल."

वहीताईंनी तेही वाक्य जसंच्या तसं उतरवलं. दाराशी पोचल्यावर त्यांनी सहज मागे पाहिलं. जावईबापूंच्या हातातली पट्टी वाकून कमान झाली होती.

५

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी सगळं आपल्या सासूबाईंसमोर ओतलं. सासूबाई टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. शहरातल्या निम्म्या लोकांची भांडणं आणि लग्नं त्यांच्या कानांवरून गेलेली. डोळे आता अधू झाले होते, कान मात्र तेच होते.

"अगं, तो काय बोलला ते तू मला चारदा सांगितलंस," त्या म्हणाल्या. "फोन वाजला कुठे, ते नाही सांगितलंस."

"कुठे म्हणजे? रिसॉर्टमध्ये, आई."

"एवढ्या मोठ्या ठिकाणी एकच फोन असतो होय? विचार तिला. आत्ता विचार."

वहीताईंनी फोन लावला. बुकिंगवाल्या मुलीने आठवून सांगितलं, "खरंच की! तो पुढच्या फोनवर नव्हता आला. मागे चादरी ठेवायच्या खोलीत एक जुना काळा फोन आहे, तिथे आला. मी चादरी मोजायला गेले होते म्हणून उचलला. त्याचा नंबर आता कुठे छापतही नाहीत. कामवाल्यांच्या घरचे लोक पूर्वी त्यावर फोन करायचे म्हणे."

"आणि पुढच्या फोनवर आलेला नंबर दिसतो?"

"दिसतो, शिवाय बोलणं रेकॉर्ड होतं. काळ्यावर काहीच नाही."

सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "घ्या! पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला मागच्या खोलीतला नंबर कशाला ठाऊक असेल? हा तिथे कामाला होता, सूनबाई. आणि आजकालचा नाही, जुना आहे. आपल्या माणसांना घरी देऊन ठेवलेला नंबर मरेपर्यंत विसरत नाही कोणी."

वहीताईंनी वही उघडली. नजर वरून खाली सरकत एका ओळीवर थांबली.

दगडी पायऱ्या.

महिन्यापूर्वी जागा बघायला त्या स्वतः गेल्या होत्या. तिथे एकही दगडी पायरी नव्हती. होता तो लांब, गुळगुळीत उतार, विक्रीप्रमुखांनी सांगितला तोच. माहितीपत्रक त्यांनी कपाटातून काढून पानन् पान पाहिलं. तळं, रेल्वे, होड्या, बदकं. पायऱ्यांचा पत्ताच नव्हता.

"आई," त्या पुटपुटल्या, "नवीन जागा ज्याने पाहिली त्याला उतार माहीत आहे. जागा ज्याने पाहिलीच नाही त्याला काहीच माहीत नाही. पायऱ्या माहीत असलेला माणूस एकच."

"मग चेहरा का उतरलाय तुझा?"

"कारण तो साहेबांचा जावई आहे."

६

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास बुकिंगवाल्या मुलीचा फोन स्वतःहून आला. रजेवरून परतलेल्या म्हाताऱ्या माळ्याला तिने विचारलं होतं.

"मॅडम, पंधरा वर्षांपूर्वी इथे एक माणूस अस्वलाचा वेष घालून मुलांना तळ्याभोवती फिरवायचा. तीच अस्वलफेरी. बाहेरच्या पाटीवर वेगळंच काहीतरी नाव होतं, पण कामवाले आपसात असंच म्हणायचे. नवे मालक आले, पायऱ्या तोडून उतार केला, फेरीही बंद झाली. माळीबाबा म्हणतात, त्या अस्वलासारखा माणूस पुन्हा झाला नाही. जेवणघराच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, पाठवते."

फोटो आला. अस्वलाचं डोकं काखेत, केस घामाने कपाळाला चिकटलेले, भोवती सातआठ पोरं लोंबकळलेली. आणि मधोमध, तोंडभर हसणारे, पंधरा वर्षांपूर्वीचे जावईबापू.

फोटो घेऊन सरळ साहेबांकडे जायचं, एवढंच बाकी होतं. वहीताई केबिनच्या दारापर्यंत गेल्याही. पण दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तो पुन्हा काढून घेतला. फोटोतला माणूस इतका आनंदात होता की त्याला असा पाठीमागून पकडून देणं त्यांच्या जिवावर आलं. त्या वळल्या आणि आखणीच्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं आणि फोन जावईबापूंसमोर ठेवला.

जावईबापूंनी फोटो पाहिला. मग फोन उलटा करून ठेवला.

"कसं कळलं?"

"त्या पायऱ्या तोडल्या, जावईबापू. तुम्ही सोडल्यावर."

ते खुर्चीत मटकन बसले. "परदेशात मी गेलोच नव्हतो, ताई. नोकरी मिळेना, तेव्हा दोन वर्षं तिथे अस्वल झालो. लग्न ठरताना माझ्या मामांनी परदेशाची थाप मारली आणि मी गप्प बसलो. मग ती थाप दरवर्षी वाढतच गेली. तुम्ही जागा ठरवलीत तेव्हा वाटलं, पंधरा वर्षं झाली, कोण ओळखतंय. पण सोमवारी तुमच्या फाइलीत जेवणघराचा फोटो बघितला आणि त्यात ती भिंत दिसली. सगळ्या कारखान्यासमोर सासरेबुवा माझा तो अवतार बघणार! पुढच्या नंबरवर फोन केला तर बोलणं रेकॉर्ड होईल असं ऐकू आलं. ठेवून दिला. आणि बोटांनी आपोआप जुना नंबर फिरवला; जिभेवर अस्वलफेरीही तशीच सवयीने आली. आई मला त्याच नंबरवर फोन करायची."

"यात हे काम माझ्या हातून गेलं असतं."

"माहीत आहे." त्यांनी मान खाली घातली. "तीन दिवस घास उतरत नाहीये."

वहीताईंनी घड्याळ पाहिलं. तीन वाजायला वीस मिनिटं होती. "मी साहेबांना काही सांगणार नाही. सांगायचं ते तुम्ही. पण चारच्या आत."

७

साहेबांच्या केबिनचं दार तीन वाजता बंद झालं. बाहेर वहीताई, फोरमनकाका आणि विक्रीप्रमुख उभे. आतून आवाज नाही. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. मग साहेबांचा आवाज असा चढला की काचा थरथरल्या. विक्रीप्रमुखांनी आपला टाय सैल केला.

तीन चाळीसला दार उघडलं. "वहीताई, आत या. तुम्हीही या सगळे."

साहेबांचा चेहरा लालबुंद होता. "ह्यांनी मला सांगितलं सगळं. अस्वलाचं मला काही वाटत नाही. परदेशाचं कौतुक मला नव्हतंच, ते ह्यांच्या सासूला होतं. दोन वर्षं घामाघूम होऊन पोरांना हसवलं, ह्यात लपवायचं काय? पण स्वतःची लाज झाकायला दुसऱ्याची अठरा वर्षांची मेहनत पुसायला निघालात, त्याचं काय?" ते जावयाकडे वळले. "माझी माफी नकोय. ज्यांची मागायची त्यांची मागा. ह्यांच्यासमोर, आणि उद्या सगळ्या कारखान्यासमोर."

जावईबापू पुढे आले. "वहीताई, चूक माझी. पूर्णपणे माझी. तुम्ही मला आधी सांगायची संधी दिलीत, तेवढीही माझी लायकी नव्हती."

"ते होईल मागाहून," वहीताई म्हणाल्या. "आधी फोन करा. बारा मिनिटं उरलीत."

जावईबापूंनी फोन उचलला. फोरमनकाकांनी विचारलं, "मागच्या खोलीत?"

"नाही. पुढच्या नंबरवर. रेकॉर्ड होऊ दे."

त्यांनी आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, मंगळवारचा फोन आपणच केला हेही सांगितलं. व्यवस्थापकांनी मोठ्या साहेबांना फोनवर बोलावलं. साहेब म्हणाले, "यापुढे या बैठकीबद्दल फक्त एका माणसाचं ऐकायचं. वहीताईंचं. मी फोन केला तरी माझंसुद्धा नाही." पलीकडून हसण्याचा आवाज आला. चारला पाच मिनिटं कमी असताना हॉल, बावन्न खोल्या आणि जास्तीचे दोन पाळणे परत वहीताईंच्या ताब्यात आले.

त्यांनी घरी फोन लावला. "आई, सुटलं!"

"मला ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या हॅलोवरूनच कळलं. आता माझ्यासाठीही एक खाट लिही. तो काळा फोन मला बघायचाय."

८

ठरल्या दिवशी तळ्याकाठी एकशे त्रेचाळीस माणसं उतरली. पाळणे, काठ्या, बाबागाड्या, फोरमनकाकूंचे न चावणारे बूट, सगळ्यांसकट. मोठे साहेब उतारावरून एकदाही न थांबता वर गेले आणि वर पोचल्यावर मागे वळून वहीताईंना हात केला.

भिंतीवरचा फोटो पाहून मुलांनी अस्वलफेरीचा हट्ट धरला तेव्हा माळीबाबांनी अडगळीतून जुना वेष झटकून आणला. जावईबापूंनी तो सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत चढवला. तीन तास अठ्ठावन्न मुलं त्या अस्वलामागे तळ्याभोवती फिरत होती आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. गोदामातल्या कुठल्याच बैठकीत कोणी इतकं जागं राहिलं नव्हतं.

साहेबांनी स्वयंपाकघरात वापरायचा नवा काटा सगळ्यांसमोर ठेवला. दोन वर्षांची मेहनत होती ती. "कोणाला काही विचारायचंय?"

प्रमुखांपैकी कोणी हललं नाही. मागच्या रांगेतून एक हात वर झाला. फोरमनकाकू होत्या. पस्तीस वर्षं नवरा कारखान्यात नेमकं काय करतो हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

"काटा छान आहे," त्या म्हणाल्या, "पण मी ह्यावर मोठं पातेलं ठेवलं की आकडा पातेल्याखाली जाणार. मग वाकून वाकून बघायचं का?"

साहेबांनी काट्याकडे पाहिलं. विक्रीप्रमुखांनी पाहिलं. खिडकीतून अस्वलाच्या वेषातल्या जावईबापूंनी, वेषाचं डोकं काढून, आत डोकावून पाहिलं. आकड्यांची पट्टी खरोखरच अगदी ताटलीच्या कडेखाली होती. एवढ्या सगळ्यांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण त्यांच्यापैकी कोणी त्यावर कधी पातेलं ठेवलंच नव्हतं.

"हे आधीच कळलं म्हणून बरं," साहेब हळूच म्हणाले. "महिन्याने साचे बनणार होते." मग मोठ्याने म्हणाले, "वहीताई, मला गोदामात हे कोणी सांगितलं असतं का हो?"

"नसतं, साहेब," वहीताई म्हणाल्या.

"मग पुढच्या वर्षीची जागा आत्तापासून शोधायला लागा. दोन दिवस नको, तीन दिवस."

टाळ्या अशा उसळल्या की बाहेरची बदकं फडफडत पाण्यात शिरली. फोरमनकाका अभिमानाने ताठ उभे राहिले आणि पुढे होऊन म्हणाले, "साहेब, हिला म्हणायचंय की पट्टी जर समोरून तिरकी..."

"तुम्ही बसा हो," काकू म्हणाल्या. "मला सांगता येतं." आणि नव्या बुटांनी टक टक करत त्या थेट मंचाकडे निघाल्या.